सीपॅन : पर्लच्या सामायिक भांडाराची घडण

सीपॅन हे पर्ल या संगणकभाषेत लिहिलेल्या, कोणालाही विनामूल्य उचलून वापरता येणाऱ्या आज्ञावल्यांचे आंतरजालावरील भांडार आहे. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह पर्ल अर्काइव्ह नेटवर्क’ या नावाचे हे लघुरूप. ऑक्टोबर १९९५मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. आज त्यात १४ हजारांहून अधिक लेखकांची ४० हजारांहून अधिक पॅकेजे असून त्यांतल्या मॉड्यूलांची संख्या दोन लाखांवर आहे. हे भांडार कोणत्या कंपनीने उभारलेले नाही, त्याला पगारी संपादक नाहीत आणि आत येणाऱ्या मालाची दारात पारख करण्याची पद्धतही नाही. तरीही ते वाढले, टिकले आणि नंतर आलेल्या अनेक भाषांना त्याचा नमुना उपयोगी पडला. त्याचे कारण त्याच्या नियमांत सापडते. लेखकाकडून थोडेच मागायचे, पण ते सगळ्यांकडून सारखेच मागायचे. तपासणी, शोध आणि निवड ही कामे माल आत आल्यावर, वेगवेगळ्या हातांनी करायची, असे हे सूत्र आहे. ते एका दिवसात ठरले नाही. गरज पडेल तसे घडत गेले.

आधीची भांडारे

एकदा लिहिलेली आज्ञावली पुन्हा वापरण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक मे १९४९मध्ये चालू झाला. वर्गमूळ काढणे, त्रिकोणमितीतील फलांच्या किमती काढणे, उत्तरे छापणे अशी कामे प्रत्येक गणितात लागत. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी अशा कामांच्या छोट्या उपआज्ञावल्या तयार करून छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर जपल्या. ज्याला जी हवी त्याने ती फीत काढायची, तिची नक्कल आपल्या फितीत उतरवायची आणि मूळ फीत जागेवर ठेवायची. १९५१पर्यंत अशा ८७ उपआज्ञावल्या जमल्या होत्या. त्याच वर्षी या तिघांनी लिहिलेल्या पुस्तकाने ही पद्धत केंब्रिजबाहेर नेली.

एका इमारतीतला हा व्यवहार १९५५मध्ये अनेक संस्थांमध्ये सुरू झाला. लॉस एंजेलिस परिसरात आयबीएमचा ७०४ हा संगणक घेणाऱ्या संस्थांनी ‘शेअर’ नावाचा गट स्थापन केला. एकच आज्ञावली प्रत्येकाने आपापल्या खर्चाने नव्याने लिहायची हे सर्वांनाच महाग पडत होते. म्हणून सभासदांनी आज्ञावल्यांचा सामायिक संग्रह केला. १९६८मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या नाटोच्या परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी याच्या पुढचे चित्र मांडले: कारखान्यातल्या सुट्या भागांसारखे सॉफ्टवेअरचेही भाग असावेत आणि ते सूचीतून निवडता यावेत.

संगणक जाळ्यांनी जोडले गेल्यावर अशी सूची घरबसल्या मिळणे शक्य झाले. १९८५मध्ये जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी गणिती आज्ञावल्यांचे ‘नेटलिब’ सुरू केले. तिथे ईमेलवर मागणी करायची. यंत्र ती वाचून हवी ती आज्ञावली उलटटपाली धाडी, मध्ये माणूस लागत नसे. १९९२पासून डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीसाठी ‘सीटॅन’ आकाराला आले. जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका येथील तीन सर्व्हरांवर एकच संग्रह ठेवायचा आणि इतरांनी त्याच्या हुबेहूब प्रती, म्हणजे मिरर, चालवायच्या, ही त्याची रचना होती. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी तयार केलेले देवनागरी जुळणीचे पॅकेजही या संग्रहात आहे. रोमन अक्षरांत टंकलेला मजकूर त्यातून देवनागरीत छापता येई, त्यामुळे संस्कृत व हिंदीबरोबर मराठीचीही सोय झाली. सीपॅनने सीटॅनकडून नाव घेतले आणि रचनाही.

पर्लची गरज

लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७मध्ये पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. मोठमोठ्या फाइलींतून हवा तो मजकूर वेचून अहवाल तयार करणे हे तिचे मूळ काम. युनिक्स संगणक सांभाळणाऱ्यांना ती फार सोयीची वाटली आणि ती वेगाने पसरली. भाषेसोबत तिचा मूळ मजकूरही खुला होता. १९९१मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती जीपीएल आणि ‘आर्टिस्टिक लायसन्स’ अशा दोन परवान्यांखाली मिळू लागली. वापरणाऱ्याने त्यांतला सोयीचा निवडावा. पुढे बहुतेक मॉड्यूल-लेखकांनी ‘पर्लच्याच अटींवर’ एवढे लिहून परवान्याचा प्रश्न मिटवला. भांडारातल्या दहा लेखकांचे दहा तुकडे एका कामात जोडताना कायद्याची अडचण फारशी आली नाही, ती यामुळे.

चौथ्या आवृत्तीपर्यंत मात्र पर्लमध्ये नवी क्षमता घालणे जिकिरीचे होते. ओरॅकलच्या डेटाबेसशी बोलायचे तर ‘ओरापर्ल’ नावाचे वेगळे पर्लच बांधावे लागे. सायबेससाठी ‘सायबपर्ल’ हे आणखी वेगळे. एकाच आज्ञावलीत दोन्ही डेटाबेस हवे असले की मोठी पंचाईत होई. ऑक्टोबर १९९४मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने ही कोंडी फोडली. तिच्यात मॉड्यूल ही सोय आली. स्वतःचे नाव असलेला, इतरांच्या नावांशी न भिडणारा तुकडा वेगळ्या फाइलीत लिहायचा आणि लागेल तेव्हा जोडायचा. सी भाषेत लिहिलेला भागही पर्ल नव्याने न बांधता चालू स्थितीत आत घेता येऊ लागला.

टिम बन्स यांच्या पुढाकाराने घडलेले डीबीआय हे मॉड्यूल या बदलाचे ठळक उदाहरण आहे. त्यात डेटाबेसशी बोलण्याची एकच रीत ठरवलेली आहे आणि प्रत्येक डेटाबेससाठी वेगळा चालक जोडायचा असतो. चालक बदलला तरी वरची आज्ञावली फारशी बदलावी लागत नाही. ओरापर्ल आणि सायबपर्लसारखी स्वतंत्र बांधणी त्यामुळे अनावश्यक झाली. वेबपृष्ठांवरचे अर्ज हाताळण्यासाठी लिंकन स्टाइन यांनी लिहिलेले सीजीआय मॉड्यूल याच काळातले. मॉड्यूल लिहिणे सोपे झाले, तसा ते ठेवायचे कुठे आणि शोधायचे कुठे हा प्रश्न पुढे आला.

उभारणी

पर्लचा माल तेव्हा जगभरच्या विद्यापीठांच्या एफटीपी सर्व्हरांवर विखुरलेला होता. एकच आज्ञावली चार ठिकाणी चार आवृत्त्यांत सापडे आणि त्यांतली ताजी कोणती हे कळायला मार्ग नसे. १९९३मध्ये काही जणांनी हा सगळा माल एका छपराखाली आणण्याचा विचार सुरू केला. आपल्या चमूला त्यांनी ‘पर्ल पॅकरॅट्स’, म्हणजे सापडेल ते बिळात साठवणारे उंदीर, असे नाव दिले. कामाची मुख्य जबाबदारी फिनलंडच्या यार्को हिएतानिएमी यांनी उचलली. ते स्वतःला सीपॅनचा ‘स्वयंघोषित मुख्य ग्रंथपाल’ म्हणवत.

मूळ संग्रह फुनेट या फिनलंडमधील विद्यापीठांच्या जाळ्याच्या सर्व्हरवर ठेवला गेला. हा सर्व्हर आधीच प्रसिद्ध होता. लिनस टॉरवाल्ड्स यांच्या लिनक्सची पहिली आवृत्ती सप्टेंबर १९९१मध्ये तिथूनच जगापुढे आली होती. सीपॅनला स्वतःचे पैसे नव्हते, पण ठिकठिकाणची विद्यापीठे आणि सेवा पुरवठादार आपल्या सर्व्हरवर त्याची प्रत ठेवायला तयार झाले. मिरर चालवणाऱ्याने ठरावीक वेळाने मूळ संग्रहातला फरक आपल्याकडे ओढून घ्यायचा. वापरणाऱ्याला जवळच्या देशातून माल मिळे, मूळ सर्व्हरवरचा भार हलका होई आणि एखादा सर्व्हर बंद पडला तरी संग्रह बुडत नसे. १९९०च्या दशकातल्या संथ आणि महाग जोडण्यांत या व्यवस्थेशिवाय जगभर माल पोचवणे जमले नसते.

लेखकांचे दार

माल जमवण्यासाठी ग्रंथपालाने जगभर फिरायचे ही रीत फार दिवस चालण्यासारखी नव्हती. लेखकाने स्वतःच माल आणून द्यावा, यासाठी जर्मनीतील आंद्रेआस क्योनिग यांनी ‘पॉझ’ हा सर्व्हर उभारला. मॉड्यूल द्यायचे तर तिथे नाव नोंदवायचे. खाते देण्याचा निर्णय माणूस घेतो. एकदा खाते मिळाले की पुढे कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक लेखकाला मोठ्या रोमन अक्षरांतले एक छोटे ओळखनाव मिळते आणि त्या नावाचा एक कप्पा. हे कप्पे नावाच्या पहिल्या अक्षरावर, मग पहिल्या दोन अक्षरांवर आणि शेवटी पूर्ण नावावर लावलेले असतात, त्यामुळे हजारो लेखक झाले तरी एकही यादी आवाक्याबाहेर जात नाही.

लेखकाला पाळावे लागणारे नियम मोजके आहेत. पॅकेज ठरलेल्या पद्धतीने बांधलेल्या एका संकुचित फाइलीत असावे आणि फाइलीच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असावा. एकदा दिलेल्या फाइलीच्या जागी त्याच नावाची दुसरी फाइल कधीच ठेवता येत नाही. चूक दुरुस्त करायची तर पुढचा क्रमांक घालून नवी फाइल द्यावी लागते. शेवटचा नियम किरकोळ दिसतो, पण मिररांची सगळी व्यवस्था त्याच्यावर उभी आहे. एका नावाची फाइल जगात सर्वत्र सारखीच असेल, याची हमी त्यातून मिळते. प्रत्येक कप्प्यातल्या फाइलींचे पडताळा-अंक पॉझ स्वतः काढून ठेवते, त्यामुळे वाटेत फाइल खराब झाली किंवा बदलली गेली तर ते उघड होते.

आत काय लिहिले आहे ते मात्र पॉझ पाहत नाही. २००१च्या सुमारास डेमियन कॉनवे यांनी आज्ञावलीचा सगळा मजकूर पुसून तिथे केवळ मोकळ्या जागा ठेवणारे आणि तरीही ती चालवून दाखवणारे एक गमतीचे मॉड्यूल दिले. अशा थट्टेच्या मॉड्यूलांसाठी ‘ॲक्मी’ नावाचे वेगळे कुळच पडले. उपयोगाचे आणि निरुपयोगी यांत दारात भेद न केल्याने भांडारात कचराही आला. त्याच मोकळेपणामुळे ज्यांची गरज दुसऱ्या कोणाला सुचली नसती अशी मॉड्यूलही आली.

नावे आणि हक्क

मॉड्यूलांची नावे कुळांत लावलेली असतात. जाळ्याशी संबंधित मॉड्यूल ‘नेट’ कुळात, मजकुराशी संबंधित ‘टेक्स्ट’ कुळात, तारखांची ‘डेट’ कुळात, आणि नावाचे तुकडे दोन अपूर्णविरामांनी जोडलेले. सुरुवातीच्या वर्षांत टिम बन्स आणि आंद्रेआस क्योनिग ‘मॉड्यूल लिस्ट’ नावाची सूची चालवत. लेखकाने नाव सुचवायचे, इतरांनी त्यावर मत द्यायचे आणि नाव सूचीत चढायचे. मॉड्यूल हजारांच्या घरात गेल्यावर हाताने चालवलेली ही सूची मागे पडली आणि पॉझवर यंत्राने तयार होणारी अनुक्रमणिका हीच खरी सूची ठरली.

त्या अनुक्रमणिकेचा नियम साधा आहे: नाव आधी वापरेल त्याचे. दुसऱ्या कोणी त्याच नावाचे मॉड्यूल दिले तर फाइल कप्प्यात राहते, पण अनुक्रमणिकेत चढत नाही, म्हणून नेहमीच्या मार्गाने ती कोणाच्या यंत्रावर जात नाही. मूळ लेखक आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकतो किंवा भागीदार जोडू शकतो.

लेखक थकतात, नोकऱ्या बदलतात, कधी कायमचे निघून जातात. मॉड्यूल मागे राहते आणि त्यावर इतरांची कामे अवलंबून असतात. यासाठी पॉझवर काही नाममात्र ओळखनावे ठेवलेली आहेत. एखाद्या मॉड्यूलाच्या भागीदारांत ‘अडॉप्टमी’ दिसले की ते दत्तक घ्यायला कोणीतरी हवे आहे. ‘हँडऑफ’ दिसले की आहे तो लेखक ते सोपवू इच्छितो. ‘नीडहेल्प’ दिसले की त्याला हातभार हवा आहे. लेखकाचा पत्ताच लागत नसेल, तर ठरावीक प्रयत्न आणि वाट पाहणे झाल्यावर पॉझचे व्यवस्थापक हक्क दुसऱ्याच्या नावावर करू शकतात.

माल घरी आणणे

भांडार भरले तरी मॉड्यूल आपल्या यंत्रावर बसवणे आधी कटकटीचे होते. फाइल उतरवायची, उघडायची, बांधायची, तपासायची, जागेवर ठेवायची. मध्येच कळे की तिला आणखी तीन मॉड्यूल लागतात, आणि त्या तिघांना आणखी पाच. बांधणीची रीत ‘मेकमेकर’ या मॉड्यूलाने एकसारखी केली: कोणतेही पॅकेज असो, त्याच चार आज्ञा. रीत एकच असल्यामुळे ती यंत्राकडे सोपवणे शक्य झाले. क्योनिग यांनी लिहिलेले सीपॅन याच नावाचे मॉड्यूल नेमके तेच करी. अनुक्रमणिका वाचून ते जवळच्या मिररवरून पॅकेज आणी, पडताळा करी, त्याला लागणारी इतर मॉड्यूल आधी बसवी आणि मग मूळ मॉड्यूल बसवी. १९९७मध्ये पर्लच्या ५.००४ या आवृत्तीसोबतच ते मिळू लागले. पर्ल जिथे गेली तिथे भांडाराची किल्लीही गेली. २०१०मध्ये तात्सुहिको मियागावा यांनी ‘सीपॅनमायनस’ हे हलके साधन आणले. प्रश्न न विचारता मुकाट्याने काम करणे हा त्याचा गुण अनेकांना आवडला.

बसवणे सोपे झाल्याचा परिणाम लेखनावरही झाला. दुसऱ्याच्या मॉड्यूलावर विसंबणे परवडू लागले, म्हणून लेखक एकमेकांच्या कामावर आपले काम रचू लागले. भांडारात मॉड्यूलांची भर पडत होतीच. त्यांच्या परस्परसंबंधांचे जाळेही आता विणले जाऊ लागले.

तपासणी

पर्लच्या पहिल्याच आवृत्तीसोबत तिच्या चाचण्या दिलेल्या होत्या. प्रत्येक चाचणी ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ अशी एक ओळ छापी. तीच सवय मॉड्यूलांना लागली आणि पॅकेजात चाचण्यांचा कप्पा असणे हा संकेत बनला. २००१मध्ये मायकेल श्वर्न यांच्या ‘टेस्ट मोअर’ने चाचण्या लिहिणे आणखी सोपे केले.

पण लेखकाकडे एक-दोन प्रकारची यंत्रे असत, वापरणाऱ्यांकडे शेकडो. १९९८मध्ये सुरू झालेल्या ‘सीपॅन टेस्टर्स’ने ही दरी भरून काढली. भांडारात नवे पॅकेज आले की जगभरचे स्वयंसेवक आपापल्या यंत्रांवर ते बांधून त्याच्या चाचण्या चालवतात आणि निकाल एका ठिकाणी कळवतात. आज्ञाप्रणाली कोणती, पर्लची आवृत्ती कोणती, कुठे काय फसले, हे लेखकाला न मागता कळते. हे काम लवकरच यंत्रांवर सोपवले गेले आणि अहवालांची संख्या कोटींत पोचली. नापास झालेले पॅकेज भांडारातून काढले जात नाही. निकाल फक्त सर्वांना दिसतो. दारात पारख नसल्याची भरपाई या उघड निकालांनी केली.

शोध आणि जतन

हजारो मॉड्यूलांतून हवे ते सापडावे म्हणून ग्रॅहम बार यांनी शोधाचे संकेतस्थळ तयार केले. मॉड्यूलासोबत दिलेली माहिती त्यावर थेट वाचता येई. पुढे ‘मेटासीपॅन’ आले. त्याने तीच माहिती इतर आज्ञावल्यांनाही वाचता येईल अशा रूपात खुली केली आणि जून २०१८मध्ये जुने स्थळ बंद होऊन सगळी वाट मेटासीपॅनकडे वळली. लेखकांनी काढून टाकलेल्या जुन्या आवृत्त्या ‘बॅकपॅन’ या वेगळ्या संग्रहात राहतात. चालू भांडार आटोपशीर राहते आणि जुनी आवृत्ती लागणाऱ्याची अडचण होत नाही.

इतर भाषांची भांडारे

सीपॅनचा नमुना इतरांनी घेतला, पण जसाच्या तसा नाही. संख्याशास्त्राच्या आर भाषेचे ‘क्रॅन’ एप्रिल १९९७मध्ये व्हिएन्नाहून कुर्ट होर्निक आणि फ्रिडरिश लाइश यांनी सुरू केले. नाव आणि मिरर सीपॅनसारखेच. मात्र तिथे पॅकेज आत घेण्यापूर्वीच त्याची तपासणी होते. २० हजारांहून अधिक पॅकेजांपर्यंत वाढूनही क्रॅनने हा कडक पहारा सोडलेला नाही. पायथॉनचे ‘पायपीआय’ २००३चे. सुरुवातीला ती केवळ नोंदवही होती आणि फाइली लेखकांच्या स्वतःच्या स्थळांवर असत. रुबीच्या ‘रुबीजेम्स’चा जन्मही त्याच वर्षीचा. जावास्क्रिप्टसाठी २०१०मध्ये आलेल्या ‘एनपीएम’ने संख्येत सर्वांना मागे टाकले, त्यातल्या पॅकेजांची संख्या २० लाखांवर गेली.

जतनाच्या नियमाचे मोल मार्च २०१६मध्ये एनपीएमवर दिसून आले. एका वादानंतर एका लेखकाने आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यांत ‘लेफ्टपॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक पॅकेज होते. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणे एवढेच त्याचे काम. पण मोठमोठी पॅकेजे आडवाटेने त्यावर अवलंबून असल्याने जगभरातली हजारो बांधकामे त्या दिवशी अडली. एनपीएमने काही तासांत ते परत ठेवले आणि त्यानंतर पॅकेज मागे घेण्याच्या हक्कावर मर्यादा आणल्या.

आजची स्थिती

गेल्या दोन दशकांत नव्या कामांसाठी पर्ल निवडणाऱ्यांचे प्रमाण घटले, तरी सीपॅन बंद पडलेले नाही. त्यात अजून भर पडते आणि जुन्या मॉड्यूलांची डागडुजीही चालू आहे. २००८पासून साधने आणि नियम सांभाळणारे कार्यकर्ते दरवर्षी युरोपातल्या एखाद्या शहरात जमून प्रलंबित कामे उरकण्याचा प्रघात पडला. २०१५मध्ये नील बॉवर्स यांनी भांडाराला नदीची उपमा देऊन मॉड्यूलांची प्रतवारी लावण्याची एक रीत सुचवली. ज्या मॉड्यूलावर हजारो इतर मॉड्यूल अवलंबून ते उगमाकडचे. ज्यावर कोणीच अवलंबून नाही ते मुखाकडचे. उगमाकडे कोणी पाणी गढूळ केले तर खालच्या सर्वांना ते पोचते, म्हणून तिथल्या लेखकाने बदल करण्यापूर्वी खालच्या मॉड्यूलांच्या चाचण्या चालवून पाहाव्यात, भागीदार नेमावेत आणि आपल्या मागे काय होईल याची तजवीज करावी, अशी अपेक्षा ठेवली जाते. मुखाकडच्या नवख्या लेखकाला मात्र १९९५इतकीच मोकळीक आहे. खाते घ्यायचे, फाइलीला क्रमांक द्यायचा, चाचण्या जोडायच्या आणि पाठवायचे, एवढ्याने त्याचे मॉड्यूल भांडारात जाते.